दरवर्षीचा किल्ला

आमच्या घरात सर्दी व्हायला परवानगी नाही. म्हणजे आईला होते, दादांना, म्हणजे वडिलांना, होते, गावाकडून आलेले पाहुणे चार दिवस शिंकत राहतात, त्यांना कुणी काही म्हणत नाही. मला झाली की सगळं घर खाली बसतं. आई गॅस बंद करते आणि माझ्या कपाळावर हात ठेवते, आणि तो हात मग तिथून निघत नाही. दादा चपला घालून दारात उभे राहतात, जणू खाली रिक्षा थांबलेली आहे. मी फक्त शिंकलेलो असतो.

त्यामुळे मी आजारी पडायचं ते बाहेर, असं लवकरच शिकलो. कॉलेजात असताना ताप आला की लायब्ररीच्या कोपऱ्यातल्या टेबलावर डोकं टेकून पडायचो. मेडिकलवरून गोळी घ्यायची, घाम आला की नळावर तोंड धुवायचं, आणि संध्याकाळी शीळ घालत जिना चढायचा. शीळ घालणारा मुलगा आजारी असेल असं कुठल्याही आईला वाटत नाही. पुढे शेंद्र्याला कंपनीत लागलो तेव्हा ही सोय आणखी वाढली. कंपनीच्या बसमध्ये सगळेच झोपलेले असतात, त्यात तापाने कोण झोपलंय हे कोण बघतो.

मला सातव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला होता. हे वाक्य मी इथे सरळ लिहून टाकलं, पण आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारत नाही. 'त्या टायमाला' असं म्हणतात. त्या टायमाला आपण गाव सोडलं. त्या टायमाला तुझ्या मामानं लई धावपळ केली. आमची जमीन करमाडजवळ आहे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की मुलाला धुळीत ठेवू नका, दवाखान्याच्या जवळ राहा, म्हणून आईदादांनी शहरात, पुंडलिकनगरला, दोन खोल्या भाड्याने घेतल्या. औषधपाणी दोन-तीन वर्षांत संपलं, पण गावी परत जायचं कुणी नाव काढलं नाही. दादा रोज सकाळी जालना रोडने शेतात जातात आणि दिवेलागणीला परत येतात. लोक गावातून शहरात नोकरीला येतात, आमचे दादा शहरातून गावात.

शाळेत मला कुणी त्रास दिला नाही, आणि तोच माझा त्रास होता. पी.टी.च्या तासाला सर मला पाण्याच्या बाटल्यांजवळ बसवायचे. कबड्डी खेळताना चुकून मी आत शिरलो तर एखादा ओरडायचाच, "ए, ह्याला धरू नका रे, हा मरतो." मग सगळे हसायचे आणि मीही हसायचो. क्रिकेटमध्ये मला कायमचा अंपायर केला होता. माझा निर्णय कुणी मोडत नसे, कारण माझ्याशी भांडायला पोरांना घरून बंदी होती. ज्या मुलाशी कुणी भांडत नाही त्याला मित्र होत नाहीत, हे मला फार उशिरा कळलं.

या सगळ्यातून माझ्या मनात तब्येतीचे दोनच रकाने तयार झाले. एक ठणठणीत, दुसरा 'त्या टायमाला'. मधे काही नाही. बाकीच्या लोकांना अंगदुखी असते, पित्त असतं, कणकण असते, 'आज जरा बरं वाटत नाही' असतं. मला त्यातलं काही मिळालंच नाही. दोन मनं मात्र मिळाली. एक मन म्हणायचं, तू मरणाला हुलकावणी देऊन आलेला माणूस आहेस, तुला काय होणार? दुसरं मन आंघोळीच्या वेळी गळ्याखाली, काखेत, जांघेत गाठ चाचपत बसायचं. ही दोन मनं एकाच बादलीच्या पाण्यात आंघोळ करायची.

आणि मग होता किल्ला.

औषधं संपली तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम दादांना म्हणाल्या होत्या, "आता हा इतर मुलांसारखाच. पळू द्या, चढू द्या." दादांनी ते शब्दशः घेतलं. दिवाळी झाली आणि त्यांनी मला दौलताबादला नेलं. पहिल्या वर्षी अर्ध्याहून अधिक किल्ला मी त्यांच्या खांद्यावर बसून पाहिला. दुसऱ्या वर्षी त्यांनी मला खाली सोडलं आणि मी वरपर्यंत चढलो. त्या दिवशी गावात जो भेटेल त्याला त्यांनी सांगितलं, "पोरगं दौलताबाद चढलं. मपल्या पायानं."

तेव्हापासून दर दिवाळीनंतरचा एक रविवार किल्ल्याचा. दादांचा रिपोर्टांवर फारसा भरवसा नव्हता. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, आणि त्यांचं म्हणणं असं की कागद काय, गर्दीत कुणाचा बी कुणाच्या हातात देत्यात. किल्ला मात्र लबाडी करत नाही. चढला तो चढला. चढताना ते कधी माझ्या पुढे जायचे नाहीत, कायम चार पायऱ्या मागे. लहानपणी मला वाटायचं दादा हळू चालतात. मोठा झाल्यावर कळलं की ते माझी पाठ आणि पोटऱ्या बघत चालतात, बैल बाजारात बघावा तसं. वर तोफेपाशी पोचलो की ते माझ्या चेहऱ्याकडे थोडा वेळ बघायचे आणि म्हणायचे, "झालं. आता वर्षाची काळजी नाय." मग खाली उतरून रस्त्यावरच्या टोपलीतली सीताफळं घ्यायची आणि घरी जायचं.

मला या प्रकाराचं हसू यायचं. इंजिनिअरिंगचा डिप्लोमा झालेला माणूस मी, दिवसभर कंपनीत मोजमापं करणारा. पण खरं सांगतो, माझाही त्यावर विश्वास होता. वर पोचल्यावर जो वारा अंगाला लागायचा त्यात मी वर्षभराचा मोकळा व्हायचो. दवाखान्यात दरवर्षी तपासायला जायचो तेव्हा मॅडम हृदयाची टू-डी काढून ये म्हणायच्या, आणि गेली काही वर्षं मी हो हो म्हणून ती टाळत होतो. किल्ला चढणाऱ्याच्या हृदयाला काय धाड भरलीय?

मागच्या पावसाळ्यानंतर कंपनीचा जिना मला जड जायला लागला. आमची क्वालिटी रूम वरच्या मजल्यावर आहे. आधी मी दोन-दोन पायऱ्या टाकत जायचो. मग एकेक टाकायला लागलो, मग मधल्या वळणावर थांबायला लागलो. थांबलो की खिशातून फोन काढायचा आणि त्यात बघत उभं राहायचं. दम लपवायला फोनसारखं साधन नाही. कुणाला वाटतं मेसेज आलाय, कुणाला वाटतं पोरगी आहे. एकाने तर विचारलंही, "काय रे, लाइन लागली वाटतं?" मी डोळा मारला. छातीत धडधडत होतं आणि मी डोळा मारत होतो.

ते परत आलंय, असंच मी धरून चाललो होतो. दुसरं काही असू शकतं हे मनात आलंच नाही, कारण माझ्याकडे रकानेच दोन. डॉक्टरकडे जावं तर ते नाव काढतील, न जावं तर झोप नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. घरात आईदादा समोर बसलेले, टीव्ही चालू, ताटात गरम भाकरी, आणि मी त्यांच्यात बसून इतका एकटा होतो की कधी कधी आपला आवाज आपल्यालाच लांबून आल्यासारखा वाटायचा. सांगितलं असतं तर ते दोघं त्याच क्षणी वीस वर्षं मागे गेले असते. मला ते बघायचं नव्हतं.

दिवाळी झाली. दादा म्हणाले, "या रविवारी जाऊ." मी म्हणालो, जाऊ.

नगर नाका, मिटमिटा करत मी गाडी चालवत होतो आणि दादा मागे बसून पिकांवर बोलत होते. खंदकापर्यंत काही वाटलं नाही. एका शाळेची सहल आली होती, पोरं किंचाळत अंधारीत, किल्ल्याच्या काळोख्या भुयारात, शिरत होती. आम्हीही शिरलो. आत वटवाघळांचा उग्र वास, पुढे गाइडच्या हातातला टेंभा, आणि उंच, वेड्यावाकड्या पायऱ्या. अंधारात माझा श्वास मला ऐकू यायला लागला. पोरांच्या कलकलाटात तो दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नव्हता, हे एक बरं. बाहेर उजेडात आलो तेव्हा डोळ्यांपुढे चांदण्या चमकत होत्या. तरी वरच्या गणपतीच्या देवळापर्यंत गेलो आणि तिथल्या पायरीवर बसलो. बसलो म्हणजे पायच खाली बसले. वर बारादरीच्या महालाकडे जाणाऱ्या पायऱ्या दिसत होत्या, आणि मला स्पष्ट कळलं की मी त्या चढू शकणार नाही.

दादा मागून आले. साठीचा माणूस, उन्हात चढलेला, त्यांनाही धाप लागली होतीच. टोपीने तोंड पुसत ते माझ्यापुढे उभे राहिले.

"कामून बसलास?"

बोलायला श्वास नव्हता.

"माझ्यासाठी थांबलास व्हय?"

हे वाक्य त्यांनी आपण होऊन म्हटलं. मला फक्त मान हलवायची होती. मी हलवली. मग जरा वेळाने आवाज सापडल्यावर म्हणालो, "बसा जरा दादा. तुम्हाला लई दम लागलाय."

ते बसले. वरच्या पायऱ्यांकडे बघत राहिले. "आजून बारादरी ऱ्हायली," म्हणाले.

"राहू द्या. इथूनच फिरू. तुम्हाला झेपत नाही आता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि उठले. पहिल्यांदाच आम्ही किल्ला अर्धा सोडून खाली आलो. सुटलो, एवढंच त्या वेळी माझ्या मनात होतं.

घरी आल्यावर दादांनीच आईला सांगितलं, "आवंदा मला झेपलं नाय. पोराला अर्ध्यातून फिरावं लागलं." आमची आई दुधाने तोंड पोळलेली, ती ताकही फुंकून पिणारी. दुसऱ्याच दिवशी तिने त्यांना कॉलनीतल्या डॉक्टरांकडे नेलं. रक्तदाब थोडा वरच्या बाजूला निघाला. त्या वयात कुणाचा निघत नाही? पण त्या 'थोडा'ने सगळं ठरून गेलं. दादांच्या भाजीतलं मीठ गेलं, लोणचं गेलं, ठेच्याची वाटी फडताळात वर गेली. शेतात रोज जायचं बंद झालं. आठवड्यातून एकदा, तेही माझ्या गाडीवर.

मी मनाशी म्हणालो, चार दिवसांनी निवळेल.

त्याच सुमारास माझी दवाखान्यातली तारीख होती. तिथे दरवर्षी एक ठरलेला प्रकार असतो. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर मला लांबून बघतात आणि हाक मारतात, "थांब रे, जरा इकडं ये." मग त्या मला एखाद्या नव्या पोराच्या आईबापासमोर नेऊन उभं करतात. "हा बघा. सात वर्षांचा होता आला तेव्हा. तुमच्या पोरासारखाच. आता कंपनीत नोकरीला आहे." आमच्या कंपनीत एक मास्टर पीस असतो. सगळे माल त्याच्याशी ताडून बघतात, तो मात्र कुठल्याही गाडीला कधी बसवत नाहीत. सिस्टरच्या हाकेला मी तो होतो. एरवी मला त्याची मजा वाटायची, थोडी ऐटही वाटायची. या वेळी दवाखान्याच्या रॅम्पचा उतार चढून यायलाच मला दोनदा थांबावं लागलं होतं.

फुलंब्रीकडचं एक जोडपं होतं. तरुण. बाईने बुरख्याचा नकाब वर केला होता, मांडीवर केस गेलेला मुलगा झोपला होता, तोंडाला मास्क. माणूस भिंतीला टेकून उभा होता, जागचा हलत नव्हता. सिस्टरांचं बोलून झाल्यावर बाईने मला विचारलं, "भय्या, तुमकू बी येइच हुआ था?"

"हां, येइच."

"बाल सब वापस आए?"

"सब आए."

ती थोडी अडखळली. मग म्हणाली, "हात लगाऊं?"

मी वाकलो. तिने माझ्या केसांतून बोटं फिरवली, मुळापर्यंत, खरे आहेत का बघावेत तशी. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. भिंतीला टेकलेला तो माणूस पहिल्यांदा सरळ उभा राहिला.

"अब कुछ बी तकलीफ नइ ना? दौडते-भागते सब?"

काय सांगणार होतो मी? "हर साल दौलताबाद का किला चढता," म्हणालो. ती रडायलाच लागली, आनंदाने. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, पण तिथे उभं राहून माझं काय जळतंय हे मला कुणालाच कळू देता येत नव्हतं. सगळ्यात कमी तिला.

आत गेल्यावर मात्र मॅडमपुढे मला फसवता आलं नाही. त्यांचे केस आता पांढरे झालेत. मला लहानपणी सुई टोचताना त्या मला गोष्ट सांगायच्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "आज टू-डी काढल्याशिवाय घरी जायचं नाही."

काढली. रक्तही तपासलं. मग त्यांनी मला खुर्चीवर बसवून सांगितलं. ते परत आलेलं नाही. रक्त स्वच्छ आहे. पण लहानपणी जे लाल औषध सलाइनमधून जायचं, ज्याला आम्ही वॉर्डातली पोरं सरबत म्हणायचो, ते काही जणांच्या हृदयाच्या स्नायूंना मागाहून अशक्त करतं. माझं हृदय हवं तितक्या जोराने रक्त पुढे ढकलत नाही. गोळ्या घ्याव्या लागतील, कदाचित कायमच्या. हृदयाच्या डॉक्टरांकडे जायचं. तोवर जड उचलायचं नाही, डोंगर-किल्ले चढायचे नाहीत. नीट घेतलं तर नोकरी, संसार सगळं होईल.

"म्हणजे कॅन्सर नाही?" मी विचारलं.

"नाही रे बाबा."

मला इतका आनंद झाला की मी हसायला लागलो. मॅडमना वाटलं याला काही समजलेलंच नाही, म्हणून त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं. मला समजलं होतं. हत्ती गेला होता, शेपूट राहिलं होतं. पण उतार उतरताना तो आनंद हळूहळू गळून गेला. कॅन्सर नाही आणि ठणठणीतही नाही, अशी ही तब्येत कुठे ठेवायची? तिला आमच्या घरात नाव नव्हतं. शाळेतल्या पोरांना मी मरणारा म्हणून माहीत होतो, सिस्टरना जगलेला म्हणून. जन्मभर थोडं थोडं आजारी राहणारा माणूस कुणालाच माहीत नव्हता, मलाही नाही. मॅडमनी बजावलं होतं, "घरी सांग. पुढच्या वेळी एकटा येऊ नकोस."

बाहेर ती बाई तिथेच बसली होती. "क्या बोले डाक्टर?" तिने हसत विचारलं.

"सब ठीक," मी म्हणालो.

गोळ्या मी कंपनीच्या लॉकरमध्ये ठेवल्या. घरात ठेवायला जागा नाही असं नाही, पण आमच्या घरात आईच्या नजरेतून सुटलेली काडेपेटीसुद्धा नाही.

इकडे दादा म्हातारे होत होते. होत होते म्हणजे माझ्या डोळ्यांदेखत त्यांना म्हातारं केलं जात होतं. सकाळी आंघोळ करून ते गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. पेपर वाचून झाला की तोच पेपर परत वाचायचे. खाली भाजीवाला आला तर उठायचे आणि जिन्यापाशी थांबून मला विचारायचे, "जमंल का रे मला उतरून चढायला?" ज्या माणसाने आयुष्यभर पोती वाहिली तो माणूस दोन मजल्यांसाठी माझी परवानगी मागत होता. मी म्हणायचो, "मी आणतो दादा, बसा." आणि खाली जाऊन, भाजी घेऊन, वर येताना मधल्या वळणावर फोन काढून उभा राहायचो. त्या घरात दम एकालाच लागत होता आणि पथ्य दुसरा पाळत होता. मला स्वतःची शिसारी यायची आणि तरी तोंड उघडत नव्हतं.

मग एके दिवशी जेवताना दादा म्हणाले, "शेत बटईनं द्यावं म्हंतो. पुतण्या करायला तयार हाय. मपल्यानं आता व्हत नाय."

आई म्हणाली, "बरं होईल. जीव राहिला तर शेत."

मी घास तसाच हातात धरून बसलो. ते शेत म्हणजे दादा. शहरात राहून त्यांनी इतकी वर्षं रोज ते धरून ठेवलं होतं. माझ्या आजारात सगळं विकायची वेळ आली होती, तरी तो तुकडा त्यांनी सोडला नव्हता. आता तोच तुकडा ते सोडत होते, माझ्या एका हललेल्या मानेपायी.

रविवारी दादांच्या पुतण्याशी बोलायचं ठरलं होतं. मी दादांना गाडीवर घेऊन गेलो. आम्ही लवकर पोचलो होतो. ज्वारी छातीएवढी झाली होती, अजून कणसं यायची होती. दादा बांधाने एक फेरी मारून आले. मी बघत होतो, त्यांना काहीही झालं नव्हतं. धाप नाही, काही नाही. येताना वाकून त्यांनी एक हराळीचं मूळ उपटलं, ते झटकत माझ्याजवळ येऊन बसले.

"दादा," मी म्हणालो, "किल्ल्यावर मी तुमच्यासाठी थांबलो नव्हतो."

ते ज्वारीकडे बघत होते. "मग?"

"दम मला लागला होता. मला पुढं जाताच येत नव्हतं. तुम्ही म्हणालात माझ्यासाठी थांबलास का, आणि मी हो म्हणालो."

"मला बी लागला व्हता की."

"तो सगळ्यांनाच लागतो. तुम्हाला काही झालेलं नाही दादा. शेत देऊ नका."

आणि मग मी सगळं सांगितलं. जिना, फोन, टू-डी, लाल औषध, गोळ्या, लॉकर. बोलता बोलता म्हणालो, "कॅन्सर नाहीये, दादा. तो परत आलेला नाही." तो शब्द आमच्या दोघांमध्ये पहिल्यांदाच उच्चारला गेला. मला वाटलं होतं काहीतरी कोसळेल. ज्वारी नुसती वाऱ्याने सळसळत राहिली.

मी त्यांच्या रागाची वाट बघत होतो. राग आला असता तर मला सोपं गेलं असतं.

"मी लई खूश झालो व्हतो रे," ते म्हणाले.

"कधी?"

"त्याच दिवशी. किल्ल्यावरून येताना, तुझ्या गाडीवर मागं बसून. म्हनलं, बरं झालं. दम मला लागला, पोराला नाय. आता मपली पाळी. देवानं एकदाचं वळीनं धरलं, आधी बापाला." त्यांनी हातातलं मूळ लांब फेकलं. "तुझ्या मायनं मीठ बंद केलं, शेत बंद केलं, मला काय बी वाईट नाय वाटलं. त्या खुर्चीत बसून रोज तेच म्हनायचो. मपल्यावर आलं, त्याच्यावर नाय."

मी इतके दिवस त्या खुर्चीकडे बघून आतल्या आत रडत होतो. ते तिथे सुखात बसले होते, आणि ते सुख मी आत्ता काढून घेतलं होतं. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायला तिथे काही नव्हतं, टोपीसुद्धा त्यांनी काढून गुडघ्यावर ठेवली होती.

थोड्या वेळाने त्यांनी फोन काढला आणि पुतण्याला लावला. "आज येऊ नको. नाय, बटईचं ऱ्हाऊ दे. तब्येत? मपली बरी हाय." फोन खिशात ठेवला आणि ते माझ्याकडे वळून बसले.

"आता सांग," म्हणाले. "कसं व्हतं नेमकं? चढतानाच व्हतं, का बसल्या बसल्या बी? रातच्याला झोप लागती का?"

आजवर मला सगळ्यांनी रिपोर्ट काय आला हे विचारलं होतं. कसं होतं, हे कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे शब्द सापडायला वेळ लागला. दादा थांबले. मग मी कंपनीच्या जिन्यापासून सांगायला सुरुवात केली.